चाचणीतले तीन आकडे

ज्याच्या हातून अनर्थ घडतो आणि ज्याच्यामुळे तो घडतो, ती दोन्ही माणसे एकच असतात असे नाही. परंतु हात डोळ्यांना दिसतो, कारण दिसत नाही. म्हणून दोष बहुधा हातालाच चिकटतो. त्या दिवशी रुग्णालयात तो एका परिचारिकेच्या हाताला चिकटला होता. चार वाजता समिती बसायची होती आणि तिथूनच तिला पोलिसांच्या स्वाधीन करायचे ठरले होते.

एक वाजता मोठ्या डॉक्टरांनी नानांना दूरध्वनी केला. नाना म्हणजे वैद्यकीय उपकरणांचे निवृत्त परीक्षक.

"नाना, तातडीने या. नऊ नंबरची पेशंट सकाळी गेली. औषध तासाला एक पॉइंट तीन मिलीनं द्यायचं होतं. औषधाच्या पंपाच्या मेमरीत नोंद आहे तीनशे बत्तीस पॉइंट आठची."

"म्हणजे पन्नास मिलीची सिरिंज नऊ मिनिटांत रिकामी."

"झालीच."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मृत स्त्रीचा नवरा तिचा चष्मा हातात धरून बसला होता. नाना जवळ येताच तो उठला.

"साहेब, एकच विचारतो. त्या मुलीनं मारलं का हिला?"

"चारपर्यंत वेळ द्या मला," नाना म्हणाले.

परिचारिका औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. तिने रडून घेतले होते. आता डोळे कोरडे ठणठणीत होते.

"किती आकडा टाकलास, बाळ?"

"एक पॉइंट तीन. पडद्यावर वाचला, सही केली, मग बटण दाबलं."

"पडद्यावर तोच आकडा होता?"

"होता. पण पंप सुसाट सुटलेला दिसला तेव्हा घाबरून मी वीजच बंद केली. पडद्यावरचा आकडा पुसला गेला. आता कोण विश्वास ठेवणार?"

"पंप आधी कधी बिघडला होता?"

"पंपांना आकडा देणारे हे नवे पडदे आल्यापासून आठवडाभर नुसता छळवाद चाललाय, सर. पाच टाका, दहा टाका, हा ठणाणा करतो आणि थांबतो. तोच पंप जुन्या पडद्याला जोडला की गरीब गाय."

"कंपनीला कळवलंत?"

"तीनदा. म्हणाले, सिस्टर, बोटं नीट चालवा."

नानांनी खिशातून पेन्सिल काढली. टेबलावरच्या रिकाम्या खोक्यावर त्यांनी एक भागाकार मांडला आणि उत्तराकडे बराच वेळ पाहत राहिले.

पडदे बनवणाऱ्या कंपनीची दोन माणसे समितीसाठी आली होती. एक मुख्य अभियंता, इस्त्रीच्या कपड्यातला, मृदुभाषी. दुसरी प्रोग्रामर. पडद्यावरची संख्या पंपापर्यंत नेणारा ड्रायव्हर, म्हणजे त्या दोघांमधला निरोप्या, तिने लिहिला होता. नानांनी तिला बाजूला घेतले.

"ड्रायव्हर नवा लिहिलास?"

"नाही, सर. जुनाच. जुन्या पडद्यावर सहा वर्षं चाललाय. दशांश टळावा म्हणून दर दहापट करून धाडतो. एक पॉइंट तीनचे तेरा. मेमरीत संख्या जशी पडलेली असते तशी उचलायची आणि पंपाला द्यायची."

"नव्या पडद्यातला प्रोसेसर तोच आहे?"

"वेगळा आहे. म्हणून तर मी पुन्हा तपासायला मागत होते." तिने अभियंत्याकडे चोरून पाहिले. "पण साहेबांनी चाचणीचा कागद दाखवला. सगळे आकडे बरोबर आले होते."

नानांनी तो कागद मागवला. अभियंत्याच्या सहीखाली तीनच दर होते: २५.७, ५१.४, ७७.१. पुढे तिन्ही ठिकाणी 'अचूक' असा शेरा.

"हे असले आकडे का हो?"

अभियंता हसला. "गोल आकडे कुणीही तपासेल, नाना. आम्ही दशांशापर्यंत जातो. यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

"खरं आहे," नाना म्हणाले. "शेवटचं वाक्य विशेष."

चार वाजता नानांनी समितीच्या टेबलावरच पंप मांडला. सिरिंजमध्ये पाणी भरले, खाली काचेचे भांडे ठेवले. पाच टाकले; पंपाने ठणाणा केला. २५.७ टाकले, पाणी शांतपणे ठिबकू लागले. मग त्यांनी १.३ टाकले. पडद्यावर १.३ होते, आणि पाण्याची धार भांड्यात थेट उतरत होती. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने मान फिरवली.

"तीनशे बत्तीस पॉइंट आठला एक पॉइंट तीननं भागा," नाना सांगू लागले. "बरोबर दोनशे छप्पन्न येतात. बोटाची चूक इतकी नेमकी नसते. पंपाकडे संख्या दोन बाइटांतून, म्हणजे दोन कप्प्यांतून जाते. एका बाइटात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावतं. दुसऱ्या बाइटातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न. जुना प्रोसेसर आणि पंप यांचा बाइटांचा क्रम एकच होता. नव्याचा उलटा आहे. त्यामुळे तेरा गेले ते मोठ्या बाइटाच्या जागी जाऊन बसले आणि दोनशे छप्पन्न पट झाले."

"मग मी..." प्रोग्रामर खुर्चीवरून उठली.

"तू यंत्राच्या सवयीवर विसंबलीस. कोणता बाइट आधी जाणार, हे ड्रायव्हरनं स्वतः ठरवून एकेक बाइट धाडायला हवा होता; मग प्रोसेसर कोणताही असो. ही चूकच. पण चूक करणारा वेगळा आणि ती झाकणारा वेगळा."

त्यांनी कागद सर्वांसमोर ठेवला.

"हे तीन दर दहापट करा: दोनशे सत्तावन्न, पाचशे चौदा, सातशे एक्काहत्तर. पहिल्याचे दोन्ही बाइट एक, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन. अदलाबदल केली तरी संख्या तीच. ज्याला दोष ठाऊक नाही तो दहा घेईल, पन्नास घेईल. हे तीन निवडायला दोष आधी पूर्ण ठाऊक असावा लागतो."

अभियंत्याने चष्मा काढला, पुसला आणि घातलाच नाही.

"दुरुस्ती करून पुन्हा चाचणी म्हणजे तीन महिने गेले असते," तो अखेर पुटपुटला. "पंप चारशेच्या वरचा दर नाकारतो. मला वाटलं, उलटलेली संख्या तो नाकारेलच. माणूस मरेल असं..."

"एक पॉइंट पाचपर्यंतचे दर उलटूनही चारशेच्या आतच राहतात," नाना म्हणाले. "आणि इतक्या संथ दरानं जी औषधं देतात, तीच सर्वांत जहाल. ते पंधरा आकडे तुम्ही मोजलेच नाहीत."

मोठ्या डॉक्टरांनी पोलिसांना आत बोलावले, परिचारिकेसाठी नव्हे. पडदे जिथे जिथे बसवले होते तिथे ते त्याच क्षणी बंद करण्याचे निरोप गेले. प्रोग्रामर तिथेच खुर्ची ओढून बसली आणि ड्रायव्हर उघडू लागली.

नवरा परिचारिकेपाशी गेला.

"ती काही बोलली का शेवटी?"

"माझा हात धरला होता त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाल्या, घाबरू नकोस गं."

तो तिच्या शेजारी बसला. नाना हलकेच बाहेर पडले.

गेलेल्या जीवाला शांती लाभो. मागे उरलेल्याला धीर मिळो, निर्दोष हातांचा कंप ओसरो, आणि अपराध्यालाही आपले कृत्य डोळे उघडे ठेवून पाहण्याचे बळ मिळो.