एक्कावन्न फूट जिना

टेबलावर एकोणचाळीस परीक्षणं होती. तेवढ्याच चित्रपटांचे दोनशे चौऱ्याहत्तर डबे मागच्या फळ्यांवर होते. शिवाय एक भिंग, एक पारदर्शक पट्टी, फ्रेम मोजायचं यंत्र, एक स्टॉपवॉच, सुती हातमोज्यांचे दोन जोड आणि एक वही. पहिली फेरी संपली तेव्हा वहीत एकशे सात चुका नोंदलेल्या होत्या. एकशे सात, आणि सगळ्या एकाच माणसाच्या.

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. चित्रपटांच्या साठवणगृहात रिळं तपासणं हे माझं काम. कुठे फाटलंय, कुठे आक्रसलंय, कुठल्या डब्यातून आंबूस वास येतोय ते बघायचं आणि लिहायचं. त्या वर्षी संस्थेनं एका ज्येष्ठ समीक्षकांच्या जुन्या परीक्षणांचं पुस्तक काढायचं ठरवलं. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. परीक्षणं मूळ चित्रपटांशी ताडून बघायचं काम संपादकबाईंनी माझ्यावर टाकलं. “सहज एक नजर टाक गं,” त्या म्हणाल्या. मला सहज नजर टाकता येत नाही.

सरांनी डॉक्टरला वकील केलं होतं. शेवटच्या दृश्यात गच्चीवर पतंग उडवणाऱ्या म्हाताऱ्याला तिसऱ्या रिळातच मारून टाकलं होतं, आणि वर त्याच्या मरण्याच्या अभिनयाचं कौतुक केलं होतं. एका काळ्यापांढऱ्या चित्रपटात त्यांना ‘लालभडक छत्री’ दिसली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! प्रयोगशाळेत आमचा अर्ध्या अंशाचा आकडा चुकला तर अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावायचे. इथे एक माणूस अंधारात कागदाकडे न बघता ओळीवर ओळ खरडतो. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागलं नाही की उरलेलं मनानं भरतो. ते छापलं जातं आणि पुढची चाळीस वर्षं लोक ते एकमेकांना ऐकवतात.

एकशे सहा चुकांचा मला नुसता राग होता. एकशेसातवी आमच्या घरातली होती.

माझ्या आत्यानं आयुष्यात एकाच चित्रपटात काम केलं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. नायक घरात शिरतो, वळतो, आणि आत्या कंदील घेऊन लाकडी जिना उतरते. तेरा पायऱ्या. चौथ्या पायरीवर ती किंचित थांबते, कपाळावरची बट मागे सारते, खाली येऊन म्हणते, “वर कुणीच नाही.” चौतीस सेकंद. आठशे सोळा फ्रेम. बरोबर एक्कावन्न फूट.

सरांनी लिहिलं होतं: ‘नायक वळतो, आणि समोर रिकामा जिना. कुणीही उतरत नाही. एकाही पावलाचा आवाज नाही. ही अर्ध्या मिनिटाची शांतता हेच या चित्रपटाचं मोठेपण.’

त्या ओळी गाजल्या. इतक्या गाजल्या की पुढे दिग्दर्शकच मुलाखतींतून आपल्या ‘रिकाम्या जिन्या’विषयी बोलायला लागला! आत्याला दुसरं काम मिळालं नाही. ती कुणाकडे गेली की लोक विचारायचे, त्यात तुम्ही नेमक्या कुठे होता? मग तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली आणि एकतीस वर्षं लोकांना जोडून दिलं. आई दिवसा कामावर जायची आणि आत्याला रात्रपाळी असायची, म्हणून मला तिनंच वाढवलं. ते कात्रण तिच्या पर्समध्ये असायचं. मी लहानपणी एकदा विचारलं, “फाडून का नाही टाकत?” तर म्हणाली, “अगं, माझ्याविषयी कुणी लिहिलेलं तेवढंच आहे.”

पुस्तकात एक तळटीप छापून आणायची, एवढंच मला हवं होतं. जिना रिकामा नव्हता, आणि तो उतरणाऱ्या बाईचं नाव.

संपादकबाईंनी सरांना बोलावलं. ते आले, जाड भिंगांचा चष्मा पुसत माझी यादी वाचत बसले.

“डब्यात असतो तो माल,” ते म्हणाले. “माणसाच्या डोक्यात राहतो तो चित्रपट.”

“सर, काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये छत्री लाल कशी दिसेल?”

“मला दिसली.”

“पण ती लाल नाहीये!”

“पुन्हा बघ, बाई.” आवाजात राग नव्हता. त्यामुळे माझा दुप्पट झाला.

ते गेल्यावर संपादकबाई म्हणाल्या, “हे बघ, सर आहेत म्हणून पुस्तक आहे. तू सगळं दुसऱ्यांदा तपास. आणि जिन्याचं एवढं लागलंय ना तुला, तर त्याला साक्षीदाराची सही आण. मग मी तळटीप छापते, सर कितीही रुसू देत. शब्द माझा.”

मी दुसरी फेरी सुरू केली.

पहिल्या चित्रपटात रेल्वेच्या प्रतीक्षागृहातलं घड्याळ होतं. सरांनी दहा वाजून दहा मिनिटं लिहिलं होतं, माझ्या वहीत पावणेपाच. फिल्ममध्ये दहा वाजून दहा झाले होते.

मी फ्रेमचा क्रमांक पुन्हा बघितला. तोच होता. चूक माझी असेल असं समजून खोडलं. माझी चूक असू शकते; मी काही समीक्षक नाही.

नऊ चित्रपट झाले तेव्हा एकतीस चुकांच्या बावीस उरल्या होत्या. डॉक्टर कोर्टात उभा राहून काळा डगला सावरत होता. म्हातारा तिसऱ्या रिळात मरत होता, आणि मरण्याचा अभिनय खरोखरच चांगला होता.

मी तडक खाली गेले. आमची खोली पहिल्या मजल्यावर. तिथे जायला बाहेरून एकच सरळ लोखंडी जिना, अठरा पायऱ्यांचा, सहावी ढिली. मांजर चढलं तरी तो वाजतो. जिन्याच्या पायथ्याशी किल्लीकाका बसायचे. सगळ्या गोदामांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. मान वर न करता नुसत्या आवाजावरून ते माणूस ओळखायचे.

“आलीस? शेळीसारखी उतरतेस तू. संपादकबाई उतरतात ते कपाट ढकलल्यासारखं.”

“काका, तुम्ही मला दुसऱ्या प्रती देताय का?”

“एकेकच प्रत आहे. दुसरी असती तर तुझ्या हातात कशाला दिली असती?”

“मग चित्रपट बदलतायत कसे?”

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. हसले नाहीत.

“छापलेलं शेजारी ठेवून बघतेस?”

“पहिल्या फेरीत फिल्म आधी बघून मग वाचलं. आता ओळीओळीनं ताडायचं तर ठेवायलाच हवं ना.”

“नको ठेवत जाऊ,” म्हणाले, आणि रजिस्टर उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी मी छत्री काढली. पाचवं रीळ, पुलावरचं दृश्य. पूल राखाडी, नदी राखाडी, माणसं राखाडी. छत्री लाल.

मी भिंग लावलं. अशा फिल्मवर चांदीचे बारीक कण असतात, काळे. ते दाट किंवा विरळ असतात. लाल होऊ शकत नाहीत. कुणी हातानं रंग भरला असता तर वर थर दिसला असता. मी हातमोजा काढून कडेला नख लावून बघितलं. थर नव्हता. लाल होती ती चांदीच.

एकशे चव्वेचाळीस फ्रेम. सहा सेकंद.

मी वही मिटली. कुणावर चिडायचं तेच कळेना, त्यामुळे जास्त चिडले. एक माणूस हलगर्जीपणा करतो आणि जग उठून त्याच्या चुकांना जागा करून देतं! दोनशे माणसांनी वर्षभर राबून केलेली गोष्ट मऊ पडते, आणि त्याचं एक वाक्य दगडासारखं तसंच राहतं.

जिन्याच्या चित्रपटाला मी दुसऱ्यांदा हात लावला नव्हता. लावू नये हे मला कळत होतं. पण पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं, आणि साक्षीदाराच्या सहीशिवाय तळटीप नव्हती. मी विचार केला, परीक्षण खोलीत ठेवायचंच नाही. आणि साक्षीदार म्हणून साक्षात आत्याला आणायचं. जिना उतरलेली बाई समोर खुर्चीत बसलेली असताना जिना रिकामा कसा होईल? हा सूर्य, हा जयद्रथ.

शनिवारी दुपारी आत्या आली. अठरा पायऱ्या तिनं दमादमानं चढल्या. मी वर उभी राहून ऐकत होते. सहावी खणकन वाजली. खालून किल्लीकाका ओरडले, “कोण गं ही? पाऊल नवीन आहे, पण ठसक्यात टाकतेय!”

“नटी आहे मी,” आत्या वरून म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

परीक्षणांचा गठ्ठा मी आधीच खाली काकांच्या कपाटात ठेवून आले होते. आत्याला छोट्या पडद्यासमोर बसवलं. खिडकीचा पडदा ओढला. दार उघडंच ठेवलं, तिला कोंडल्यासारखं होतं म्हणून.

“चाळीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “मी जाडी दिसत होते का गं?”

“काडी होतीस. बघच तू.”

रीळ सुरू झालं. नायक आवारातून आला. दाराची कडी निघाली. अजून वीस सेकंद होते. मी आत्याकडे बघितलं. तिनं पर्स उघडली होती. मला वाटलं, चष्मा काढतेय.

तिच्या मांडीवर कात्रण होतं.

“आत्या, ते ठेव.”

“असू दे गं. सोबतीला.” ते तिनं उघडलंसुद्धा नाही. उघडायची गरजच नव्हती. तिचे ओठ हलत होते. नायक वळला, आणि ती हळूच म्हणाली, “नायक वळतो, आणि समोर...”

जिना.

तेरा पायऱ्या. कठड्यावर थोडी धूळ.

मी स्टॉपवॉच दाबलं. माझ्या हातांना दुसरं काही सुचलं नाही.

चौथ्या पायरीवर कुणी थांबलं नाही.

लाकूड वाजलं नाही.

चौतीस सेकंद झाले. नायकानं मान खाली घातली आणि दृश्य बदललं.

मी यंत्र थांबवलं, फिल्म मागे घेतली, टेबलाच्या दिव्यावर धरली. पहिल्या फेरीत दोनशे बाराव्या फ्रेमवरून पारदर्शक कागदावर मी आत्याची आकृती पेन्सिलनं उतरवून घेतली होती. उंची नऊ मिलिमीटर, उजवा हात कपाळापाशी. तो कागद वहीत होता, आकृतीही होती. फ्रेमवर कागद ठेवला. पेन्सिलीच्या रेषेच्या आत पायऱ्या होत्या.

“आत्या, तू होतीस तिथे,” मी म्हटलं. “मी मोजलंय तुला. आठशे सोळा फ्रेम. आपण सही करायची, दोघींनी. त्यांना मी—”

“चांगलं दिसतंय की गं,” आत्या म्हणाली.

“काय?”

“रिकामा जिना. किती शांत आहे. सरांचं बरोबर होतं.” तिनं कात्रणाची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं, पर्सचं बटण लावलं. बटणाचा आवाज मला आला का, ते आठवून पाहिलं. सांगता येत नाही. “तू तुझं आवर. मी खाली थांबते.”

ती उठली आणि दाराकडे गेली. दारात तिनं कपाळावरची बट मागे सारली. मग उंबरा ओलांडला.

स्टॉपवॉच अजून माझ्या हातात होतं. मी ते शून्यावर आणलं आणि दाबलं.

सहावी पायरी ढिली आहे. मी तिच्या आवाजाची वाट बघत होते.

मग दारापाशी गेले. दारातून पूर्ण जिना दिसतो, आणि तो रिकामा होता. खाली किल्लीकाका रजिस्टरमध्ये लिहीत होते. त्यांनी मान वर केली नव्हती.

परत येऊन मी वहीत नोंद केली.

पायऱ्या अठरा. वेळ चौतीस सेकंद. पावलं शून्य.