ओजूचा पहारेकरी झोपला तेव्हा

सन २०६४. माणदेशच्या माळावर सौरपाट्यांचं एवढं मोठं रान पसरलेलं, की बघून बघून नजर थकावी! पाट्या पुसणाऱ्या बायकांची बाळं पाळणाघरात, आणि त्यांच्यावर लक्ष टिटवीचं. टिटवी म्हणजे चाकांवर फिरणारा यंत्रमानव. बाळ रडलं रे रडलं, की ती त्याच्या आईला हाक मारायची.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर रेवा तिथे आली, तर कोडंच! तिचा चार महिन्यांचा भाऊ ओजू एरवी नुसता भोंगा. आज दुधालासुद्धा उठेना.

"टिटवे, हा असा काय गं?"

"ओजू सहा तास रडलेला नाही. ओजू गुणी बाळ आहे," टिटवी खुशीत म्हणाली.

रेवाने त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. पाय हललाच नाही. ओठ तर निळसर! मग ती अशी किंचाळली, की शेजारच्या दवाखान्यातून नानाआजोबा धावतच आले. टिटवी बनवणारे डॉक्टर ते हेच.

त्यांनी ओजूची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. "मिनिटाला दहाच श्वास? तीस-चाळीस तरी हवेत!" त्यांनी फुग्याच्या मुखवट्याने हवा द्यायला घेतली आणि मांडीत नॅलोक्झोन (अफूवरचा उतारा) टोचलं.

"अफू? आमच्या ओजूला?"

"हो. बघ रेवा, मेंदूच्या देठात एक पहारेकरी असतो समज. रक्तात कार्बन डायऑक्साइड (उच्छ्वासातून बाहेर टाकायचा वायू) साठला, की तो ओरडतो, 'श्वास घे!' अगदी झोपेतसुद्धा. अफूने बाळ झोपलं असं आपल्याला वाटतं. पण ती या पहारेकऱ्यालाही झोपवते."

"मोठ्यांच्या पहारेकऱ्यालापण?"

"मोठ्यांच्यालापण. त्यात बाळाचं यकृत (विषं निकामी करणारा अवयव) कच्चं. कालची अफू उतरलेली नसते, तोवर आजची चढते."

तेवढ्यात ओजूने मोठ्ठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. टिटवीने लगेच आईला हाक मारली.

आई धापा टाकत आली. काय झालं ते ऐकून तिने ओजूला उचलून घेतलं. "नाना, सहाणेवर घुटी उगाळताना एकच वेढा दिला हो अफूचा! ह्यो रडला की टिटवी बोलावती, आन् काम सोडून उठले की मुकादमीण म्हणती, उद्यापासनं येऊ नगंस. माझ्या आईनंबी दिलीच की आम्हांला."

"एका वेढ्यात किती उतरली, ते सहाणेला कुठे कळतं, बाई?" नानांचा आवाज खाली गेला. "चूक माझीही आहे. मी टिटवीला रडणं मोजायला शिकवलं, श्वास नाही. गप्प बाळ म्हणजे सुखी बाळ, असंच धरून चाललो."

आईने ओजूला छातीशी घट्ट धरलं. ती म्हणाली, "नाना, रेवाच्या पाठची सुमी... तीबी लई गुणी होती. झोपंतच गेली."

नानांनी चष्मा काढला. रेवाला तेव्हा सगळं कळलं, आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं!

"चला," नाना शेवटी म्हणाले, "उतारा अफूच्या आधी ओसरतो. मोठ्या इस्पितळात न्यायलाच हवं."

गाडीत आई ओजूच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होती. एकतीस, बत्तीस, तेहतीस. मिनिट भरलं, तशी ती थांबली.

"रेवा, उद्या पाळणाघरातल्या समद्या आयांना गोळा कर. सुमीचं मी सांगते."