दोऱ्याचं दुसरं टोक

"माझ्या धंद्यात काय कधीच होणार नाही, ते लिहायचंय ना? लिहिलंय," असं म्हणत रालित्सानं कागद पुढे सरकवला, आणि तो वाचता वाचता दोब्रिना शेवटच्या ओळींपाशी थबकली... 'यंत्रावरचा दोरा हातानं वळलेला म्हणून मी कधीही विकणार नाही. माझ्या मावशीनं विकला तसा.'

ती मावशी म्हणजे दोब्रिनाच!

स्लिवेन गावच्या नगरपालिकेत नव्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायचं काम ती अकरा वर्षं करत होती. कुणी बकरीच्या दुधाचा साबण काढणारा, कुणी राहत्या घरात पाहुणे ठेवणारा. प्रत्येकाला ती आधी हाच प्रश्न घाली. परवाच एकानं 'खोटं बोलणार नाही' असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि लगेच, भागीदार मेव्हण्याचं नाव अर्जात कुठं दडवता येईल, तेही विचारून घेतलं. गाव तरी काय कमी! "लेबलवाली दोब्रिना आता लोकांना सचोटी शिकवते," असं बाजारात तिच्या पाठीमागे चाले.

लेबलं... मार्चच्या पहिल्या तारखेला माणसं एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात, ती मार्तेनित्सा दोब्रिनाच्या आईच्या कारखान्यात वळली जाई. चोवीस वर्षांपूर्वी 'हातानं वळलेल्या' अशी लेबलं लावून यंत्रावरचा माल बाहेर गेला, आणि पकडला गेला. लेबलं लावली होती धाकट्या बहिणीनं, पेन्कानं. पण पेन्काला सातवा महिना होता, आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती... दोब्रिना आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी लावली." कारखाना बंद पडला. आई मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. अखेरच्या दिवसांतही तिची चाहूल लागताच भिंतीकडे वळून निजली! मार्तेनित्सा आपली आपण बांधायची नसते, दुसऱ्यानं बांधायची असते. चोवीस वर्षं दर मार्चला दोब्रिनाचं मनगट उघडंच राहिलं.

"नमुना वळून दाखव," ती कशीबशी म्हणाली.

रालित्सानं दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या कडीला अडकवलं.

"कडीला? अगं, दोरा दोघींनी वळायचा. आई कुठाय?"

"खाली गाडीत. माझ्या जन्मापासून ती दोऱ्याला हात लावत नाही, मॅडम. तुम्ही जे केलंत त्याची लाज वाटते तिला."

लाज!... दोब्रिनाच्या ओठांशी एक वाक्य आलं. एकच! ते बाहेर पडलं असतं तर चोवीस वर्षांचा कलंक धुऊन निघाला असता, आणि समोरच्या या पोरीची आई कायमची हरवली असती. तिनं ते गिळलं आणि मंजुरीचा शिक्का उचलला.

"ताई, थांब."

दारात पेन्का उभी होती. लेकीची गाडीत राहिलेली लोकरीची टोपली घेऊन.

"पेन्का, गप्प बस. पोरीचं काम होऊ दे."

"गप्पच बसले ना गं इतकी वर्षं!" टोपली तिच्या हातून सुटली. "रालित्सा, लेबलं मी लावली. तू पोटात होतीस म्हणून ताईनं अंगावर घेतलं. आईला तरी सांगायला हवं होतं... उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता आई गेली!"

रालित्सा आईकडे वळली. "त्यांच्या दारावरून जाताना मान फिरवायला तूच शिकवलंस मला, आई!"

मग तिनं पेन उचललं. "आता... काय लिहू, मावशी?"

"मावशी खोड, आई लिही," पेन्का हुंदक्यातून म्हणाली.

दोब्रिनानं कागदावर हात ठेवला. "शेवटचं वाक्य नुसतं खोड. या घरातलं एक नाव जळलं, तेवढं पुरे."

मग तिनं कडीचं टोक सोडवून पेन्काच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. पेन्काची बोटं सवय विसरली होती. दोऱ्याला पीळ कमी आणि गाठी जास्त.

"अजून तसाच ढिला सोडतेस," दोब्रिना म्हणाली, आणि दोघी बहिणी रडता रडता हसल्या.

तोच वेडावाकडा दोरा पेन्कानं ताईच्या मनगटाला बांधला. "आई असती तर..." ती पुटपुटली.

दोब्रिनाचं मनगट भरलं होतं... पण भिंतीकडे वळलेला आईचा तो चेहरा, तो आता कधीच तिच्याकडे वळणार नव्हता!