ब्रिजवर एक माणूस आहे

हे खरं आहे. मी स्वतः पाहिलंय, आणि पाहताना पूर्ण शुद्धीत होते.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. आणि पिंपळ तर खराडीच्या आयटी पार्कात कुणी शिल्लकच ठेवलेला नाही.

तारीख ८ नोव्हेंबर २०२५. शनिवार. दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

माझं नाव तनुजा. राहते वारज्याला. खराडीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही जहाजांसाठी सुरक्षेची यंत्रं बनवतो. पुण्यात बसून समुद्राची यंत्रं... हसू नका, नातेवाईकांचं हसून झालंय.

आधी यंत्र काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीला ब्रिज म्हणतात. तिथला ड्युटीवरचा अधिकारी झोपला किंवा चक्कर येऊन पडला, तर बाकीच्यांना कळावं म्हणून एक भोंगा असतो. जुन्या पद्धतीत त्याला दर काही मिनिटांनी एक बटण दाबावं लागायचं. मी जागा आहे, हे सांगायला. आम्ही ते बटणच काढून टाकलं आणि छताला सेन्सर लावला. खोलीत कमरेच्या वर काही हललं की सेन्सर समजणार, माणूस उभा आहे. बारा मिनिटं काहीच हललं नाही, की कॅप्टनच्या केबिनमध्ये भोंगा.

सगळ्यांनी कौतुक केलं. पेपरात फोटोसुद्धा आला होता.

चाचणी माझ्याकडे होती. ऑफिसात चौथ्या मजल्यावर आम्ही एक नकली ब्रिज केलाय. खरं सुकाणू, खरी खुर्ची, एक भिंत काचेची. एकदा पावसाळ्यात मी माझा ओला रेनकोट तिथल्या खुंटीला अडकवला आणि बाहेर येऊन बसले. खोली रिकामी. बारा मिनिटं झाली. वीस झाली.

भोंगा वाजलाच नाही.

स्क्रीनवर लिहिलेलं होतं, "ब्रिजवर माणूस: आहे."

वर पंखा चालू होता आणि खाली माझा रेनकोट हलत होता.

मी आमच्या पृथ्वीराज सरांना बोलावलं. त्यांनी रेनकोटकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"तनुजा, बोटीवर सीलिंग फॅन असतो का?"

"नाही सर."

"मग काय करू? रेनकोटला ऑफर लेटर देऊ?"

सगळे हसले. मीही हसले. पंखा बंद केला, रेनकोट थांबला, बारा मिनिटांनी भोंगा वाजला. मी रकान्यात 'पास' लिहिलं आणि खाली सही केली.

बोट स्वतःच हलते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा किनाऱ्यावरून, हातात भेळ घेऊन.

त्यानंतर वर्षभराने, ऑगस्टमधल्या एका शनिवारी, कोकण किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज वाळूच्या दांड्यावर चढलं. दुपारची वेळ होती. ब्रिजवर ड्युटीला होता अझीम. वय एकोणतीस. आपल्या पुण्याचाच मुलगा. सोबतचा खलाशी जेवायला खाली गेला होता. धक्का बसल्यावर कॅप्टन धावत वर आला, तेव्हा अझीम सुकाणूजवळ पडलेला होता. गेलेला.

आमच्या यंत्राची नोंद मागवली गेली. एक वीसला खलाशी खाली गेला तेव्हापासून दोन बाराला जहाज आपटेपर्यंत, म्हणजे बावन्न मिनिटं, ब्रिजवर सतत हालचाल होती.

त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला. अझीम उभा होता, शुद्धीत होता, आणि समोर बघत नव्हता. फोनवर असेल. जहाज आपटल्यावर धक्क्याने हृदय बंद पडलं, लगेच गेला. चौकशीच्या कच्च्या अहवालात त्याच्या नावापुढे एकच शब्द होता. निष्काळजी.

मला ब्रिजचे फोटो पाठवले होते. तिसऱ्या फोटोत दाराजवळ एक खुंटी होती...

खुंटीला पिवळा रेनकोट होता.

मी लॅपटॉप बंद केला. कुणाला काही बोलले नाही.

सप्टेंबरमध्ये अझीमचे वडील ऑफिसात आले. मकसूदकाका. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा गेल्यापासून बंदच होतं. ते खुर्चीत अगदी कडेला बसले.

"मॅडम, मी तीस वर्षं मशीनं खोलतोय. कुठलंही मशीन कधी तरी चुकतंच. तुमचं चुकलं असेल का?"

सर माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "नाही काका."

त्यांनी मान हलवली आणि पाणीही न पिता गेले. त्या दिवसापासून मला धड झोप लागलेली नाही. पण मी तोंड उघडलं नाही, हेही खरं आहे.

मधल्या काळात सरांनी गुपचूप सेन्सर बदलला. नवीन सेन्सर खाली फरशीपर्यंत हलणाऱ्या गोष्टीची लांबी-उंची मोजतो आणि स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांनी आकार काढतो. म्हणजे रेनकोटला माणूस समजणार नाही. जुन्याबद्दल मात्र कुणी काही बोलायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं. सोमवारी चौकशीकडे आमचं शेवटचं पत्र जाणार होतं. यंत्रात दोष नाही, असं. त्याच्यावर सही माझी.

म्हणून त्या शनिवारी मी ऑफिसात एकटी होते. नवीन सेन्सर तपासत. नकली ब्रिजचं दार बंद. पंखा बंद. खुंट्या तर केव्हाच उपटून टाकल्या होत्या.

एक वीसला स्क्रीन बदलली...

"ब्रिजवर माणूस: आहे."

मी काचेतून पाहिलं. कोणी नव्हतं.

पाल असेल म्हटलं. मग आकडे आले. लांबी पाच फूट आठ इंच. उंची, जमिनीपासून... जेमतेम नऊ इंच.

हिरवे ठिपके एकेक करत जमले. सुकाणूच्या पायथ्याशी एक आकार. आडवा.

सगळा स्थिर होता. फक्त एका टोकाला थोडेसे ठिपके वर होत होते, खाली जात होते.

हात होता तो.

मी दार उघडून आत गेले. का गेले, माहीत नाही. आत कोणी नव्हतं. फरशीवर दोन दिवसांची धूळ होती, तीसुद्धा जशीच्या तशी. एसी बंद, खिडकी नाही. इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग...

टक.

माझ्या पायाजवळून.

टक... टक...

नखाने फरशी वाजवावी, तसं.

मी बाहेर पळाले आणि दार ओढून घेतलं. काचेबाहेर उभी राहिले. डोळे स्क्रीनवरून हलेनात. हात वर व्हायचा, खाली यायचा. एक चाळीस. एक पन्नास. दोन वाजले. दोन टकटकींमधलं अंतर वाढत चाललं होतं.

तेव्हा मला समजलं. अझीम लगेच गेला नव्हता. तो पडला होता आणि जिवंत होता. बारा मिनिटांनी भोंगा वाजेल, कोणीतरी येईल, हे त्याला माहीत होतं. तो वाट बघत होता. आणि त्याच्या वर, खुंटीवर, बोटीबरोबर त्याचाच रेनकोट हलत होता. आमचं यंत्र त्या रेनकोटाकडे बघून म्हणत होतं, माणूस आहे, सगळं ठीक आहे.

माझ्यासमोर टेबलावर लाल बटण होतं. दाबलं की भोंगा वाजतो, खालचा वॉचमन वर येतो. मी दाबलं नाही. दाबून काय होणार, असं मनाशी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. हे कुणी पाहावं, असं मला वाटत नव्हतं.

दोन बाराला हात वर झाला नाही.

मी तशीच उभी होते.

दोन चोवीसला रिकाम्या ऑफिसात भोंगा वाजला. बारा मिनिटं हालचाल नव्हती ना. या वेळी यंत्राने बरोबर काम केलं.

सोमवारी मी सरांच्या पत्रावर सही केली नाही. चौकशीला वेगळं पत्र पाठवलं. रेनकोटाचा फोटो, माझी जुनी चाचणी, माझी सही, सगळं. शनिवारचं काही लिहिलं नाही. तसलं पत्र कोण वाचणार?

सर म्हणाले, "नोकरी नको होती तर सरळ सांगायचंत. एवढा खटाटोप कशाला?" आजवर अगं-तुगं करणारे सर त्या दिवशी अहो-जाहोवर आले. मला दोन महिन्यांची नोटीस मिळाली.

डिसेंबरात अहवाल बदलला. 'निष्काळजी' हा शब्द काढला. त्याची प्रत घेऊन मी मकसूदकाकांच्या घरी गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुम्ही म्हणाला होतात, चुकलं नाही."

"खोटं बोलले काका."

ते उठून आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

अझीमची आई, सुगराबी, तिथेच बसून होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"बेटा, नाव साफ केलंस, अल्ला तुझं भलं करो. एकच सांग मला. आधी ते लोक म्हणाले, लगेच गेला. आता म्हणतात, बराच आधी पडला होता. मग पडल्या पडल्या गेला ना गं? तडफडला नाही ना माझा बच्चा?"

मला सगळं माहीत होतं. किती मिनिटं, तेसुद्धा.

"नाही चाची," मी म्हणाले. "लगेच गेला."

त्या खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बस्स. आता झोप लागेल मला." आत जाऊन त्यांनी चहा आणि नानकटाई आणली. ती मी खाल्ली.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी मी ऑफिसात जाते. एक वीसच्या आधी त्या खोलीत जाते आणि सुकाणूजवळ फरशीवर बसते. दिसत काहीच नाही. आवाज येतो. मी त्याच्याशी बोलते. मी आहे, येतंय कोणीतरी, असं सांगते. येत कोणी नाही. दोन बाराला आवाज थांबतो.

परवा, तीन जानेवारीला, माझा शेवटचा शनिवार आहे. नऊ तारखेला कार्ड परत द्यायचं आहे. खोलीचं आता स्टोअर करणार आहेत. सेन्सर काढणार, भोंगाही काढणार.

तुमच्यापैकी कुणी खराडीत असाल, आणि शनिवारी दुपारी रिकाम्या मजल्यावर फरशीवरून तसा आवाज आला, तर पळू नका. तो काही करत नाही. थोडा वेळ नुसते जवळ बसा.

मी बसते, पण माझ्या बसण्याचा त्याला काही आधार वाटत असेल, असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी मी काचेबाहेर उभी होते, ते त्याने पाहिलंय.