साहेबांचा मुक्काम

“साहेब, उठा हो. तुमच्यामुळे माझं सगळं काम अडलंय.”

हे ती तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा झाडाखाली तोंडावर टोपी घेऊन पडलेला एक माणूस धडपडत उठला, टोपी हातात घेऊन चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “माफ करा. झालो बाजूला.”

ती बघतच राहिली. तिथे कुणी झोपलंय हे तिला माहीतच नव्हतं. ती बोलत होती ती तिच्या अर्धवट उलगडलेल्या तंबूवर ऐसपैस पसरलेल्या तपकिरी कुत्र्याशी.

“तुम्हाला नाही,” ती ओशाळून म्हणाली. “यांना. यांचं नाव साहेब आहे.”

माणसाने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने एक डोळा उघडून माणसाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

“असणारच,” माणूस म्हणाला. “कामाच्या वेळी झोपा काढतायत, आणि उठवायची कुणाची हिंमत नाही.”

ती हसली. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण बाबा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत असं नकळत हसू आलं नव्हतं.

साहेब बाबांचा. बाबांनी चौतीस वर्षं एका कचेरीत कारकुनी केली आणि दिवसातून शंभर वेळा “हो साहेब” म्हटलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं साहेब. मग रोज सकाळी अंगणात उभं राहून ते हुकूम सोडायचे— “साहेब, बसा. साहेब, पंजा द्या.” साहेब बसले की बाबा आईकडे अशा नजरेने बघायचे, की जणू चौतीस वर्षांचं उट्टं निघालं. दर वर्षी आठवडाभर ते साहेबांना घेऊन या तळ्याकाठच्या कॅम्पवर येत. कुत्र्यासकट राहू देणारी आसपासची ही एवढीच जागा. ती मात्र कधी त्यांच्याबरोबर आली नव्हती. म्हणूनच तर तंबूच्या सात काठ्या समोर पसरून ती गेला अर्धा तास नुसती उभी होती.

“ही लांब काठी आधी,” माणूस म्हणाला. “बघू द्या मला. शेजारचाच तंबू माझा आहे.”

पाच मिनिटांत तंबू उभा राहिला. तेवढ्या वेळात तिला कळलं, की हा एका बेकरीत पाव भाजतो, पहाटे तीनला उठायची सवय सुट्टीतही सुटत नाही, म्हणून दुपारी असा कुठेही आडवा होतो. आणि त्याच्या म्हाताऱ्या, पांढऱ्या कुत्रीचं नाव आहे माऊ.

“कुत्रीचं नाव माऊ?”

“भाची दोन वर्षांची होती तेव्हा. चार पायांचं दिसेल ते माऊ. तेच चिकटलं.” त्याने हाताने हवेत एक छोटं वर्तुळ काढलं, तशी माऊ उठून त्याच्याजवळ आली. “हिला ऐकू येत नाही, त्यामुळे अपमान होत नाही. तुम्ही काय करता?”

“चष्म्याच्या दुकानात असते. काचा बसवते.”

“म्हणजे चष्मेवाल्या.”

“आणि तुम्ही पाववाले.”

“झालं मग,” तो म्हणाला. “ओळख पूर्ण झाली.”

संध्याकाळी ती फाटकाजवळच्या घरात मामींना भेटायला गेली. मामी म्हणजे या जागेच्या मालकीणबाई. एकही भाचा नसताना सगळ्या जगाच्या मामी. साठी उलटलेल्या, बोलायला फटकळ, पण साहेबांना बघताच जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि त्यांचं डोकं मांडीत घेतलं.

“पंजाला काय झालंय याच्या?”

“चाटत बसतात दिवसभर,” ती म्हणाली.

इथे येण्याचं हेच तर कारण होतं. बाबा गेल्यावर अंगणवालं भाड्याचं घर सुटलं. आई, ती आणि साहेब दादा-वहिनींकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेले. सकाळी नवाला ती, दादा, वहिनी घराबाहेर पडत. आईचे गुडघे जिना उतरू देत नसत. साहेब दाराशी बसून पुढचा पंजा चाटत राहायचे, इतका की कातडं सोलवटून निघालं. खाणं निम्म्यावर आलं. शेवटी, बाबा गेल्याचं कळल्यावर, मामींचाच फोन आला होता, की माझा कुत्रा गेल्या थंडीत गेला, तुझ्या साहेबाला इथे आण, तीन दिवस तूही राहा. रमला तर ठेवून जा.

“घाई नाही,” मामी आत्ता म्हणाल्या. “तीन दिवसांनी तूच सांग.”

तिने मान हलवली. शेजारच्या तंबूतल्या माणसाला मात्र तिने यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी जाग आली ती भाजल्या पिठाच्या वासाने. बाहेर उजाडत होतं, तळ्यावर धुकं होतं, आणि पाववाला निखाऱ्यांवर तवा ठेवून पाव उलटत बसला होता. एका बाजूला माऊ, दुसऱ्या बाजूला साहेब.

“तुमचे साहेब सहापासून तपासणीला आलेत,” तो म्हणाला. “दोन नमुने खाऊन बघितले. अजून मंजूर नाही म्हणतात.”

“खाल्ले? साहेबांनी?”

“दोन. का?”

“काही नाही.” ती शेकोटीजवळ बसली. “मला एक द्या.”

पाव हाताला चटका देत होता, वरून खरपूस, आतून मऊ. तिने पहिला घास घेतला तेव्हा तो तिच्याकडे बघत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

“मंजूर?”

“विचार करून सांगते,” ती म्हणाली आणि दुसरा उचलला.

त्या दिवशी ती चौघं तळ्याला अर्धा फेरा घालून आली. साहेब आधी तिच्या पायाशी चिकटून चालत होते. मग माऊ सरळ पाण्यात शिरली, तसे तेही शिरले, आणि बाहेर येऊन दोघांनी अंग झाडलं ते नेमकं या दोघांच्या मधे उभं राहून. परतताना आभाळ भरून आलं. पावसाने त्यांना कॅम्पच्या भांडी घासायच्या जागेपाशी गाठलं. वर पत्रा, खाली बसायला दगडी ओटा, आणि ओल्या कुत्र्यांचा वास.

तो चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागला. सदरा जास्तच ओला होता.

“थांबा,” ती म्हणाली. “तो चष्मा वाकडा आहे. कालपासून बघतेय.”

“कालपासून बघताय?”

“चष्म्याकडे,” ती म्हणाली. पण कान गरम झाले. तिने खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. तो तिच्या खिशात कायम असायचा, दुसऱ्या कुणाच्या खिशात रुमाल असावा तसा. दांडी सरळ केली, स्क्रू आवळला, काचा पुसल्या. मग रोज चाळीस वेळा करते तसं दोन्ही हातांनी चष्मा त्याच्या चेहऱ्यावर बसवला, कानामागे बोट फिरवून दांडी तपासली.

रोज चाळीस वेळा... पण रोज ती दांडी दोनदा तपासत नाही.

“घट्ट होतोय?” तिने विचारलं.

“नाही.”

“दिसतंय नीट?”

तो हलला नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. “आता दिसतंय,” तो हळूच म्हणाला.

तिने हात मागे घेतले आणि उगाच स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं, म्हणून तिने विचारलं, “माऊ कुठे मिळाली तुम्हाला?”

“इथेच. म्हणजे फाटकाला.” त्याचा आवाज बदलला. “दोन वर्षांपूर्वी, हंगाम संपून कॅम्प बंद व्हायच्या दिवशी. कुणीतरी बांधून गेलं होतं. शेजारी वाडगा आणि घोंगडी. ऐकू येत नाही म्हणून नको झाली असणार. गाडी निघून गेली तरी हिला कळलं नसेल, बिचारी उलट्या बाजूला बघत बसली होती. ज्याने बांधलं ना, त्याला मी अजून शिव्या घालतो. कुत्रं सोडून जाणारा माणूस... त्याच्या पोटात काय असतं कुणास ठाऊक.”

ती ओट्यावरून उतरली.

“काय झालं?”

“काही नाही. पाऊस कमी झालाय.”

पाऊस कमी झाला नव्हता. ती साहेबांना घेऊन भिजत तंबूकडे गेली, आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावाचा वास आला, तशी ती उठली. तोंड चुकवून निघून जाणं सोपं होतं. पण तिला ते जमेना. शेकोटीजवळ जाऊन ती उभ्यानेच म्हणाली, “तुम्ही ज्यांना शिव्या घालता ना, त्यातलीच मी आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. चौथा मजला, आईचे गुडघे, सोलवटलेला पंजा, मामींचा फोन. तव्यावरचा पाव करपला. ती बोलायची थांबली तरी तो निखाऱ्यांकडेच बघत होता. मग उठला आणि काही न बोलता तळ्याच्या दिशेने चालायला लागला. माऊ त्याच्यामागे गेली.

संपलं, असं तिला वाटलं. ती आत जाऊन सामान भरू लागली.

अर्ध्या तासाने तंबूबाहेर कुणीतरी खाकरलं.

“मला पटकन बोलता येत नाही,” पाववाला म्हणाला. “आधी चालून यावं लागतं. त्या माणसाने कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तीन दिवस जमिनीवर झोपून बघताय, की साहेबांना इथे बरं वाटतंय का. हे दोन्ही एक नाही. कालचं माझं बोलणं... मला माहीत असतं तर—”

“तर बोलला नसता?”

त्याने विचार केला. “बोललो असतो बहुतेक. पण ती चूक झाली असती.”

तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

दुपारी निघायची वेळ झाली. साहेब फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत आले. पंजावर खपली धरली होती. तीन दिवसांत त्यांनी तो चाटला नव्हता. ती खाली वाकली आणि बाबांच्या सुरात म्हणाली, “साहेब, बसा.” साहेब बसले. मागे मामी दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. वाऱ्याने एक चादर उडाली, तशा मामी ओरडल्या, आणि साहेब उठून, तिच्याकडे एकदा बघून, शेपटी हलवत चादरीच्या मागे धावले.

ती फाटकाबाहेर आली. पाववाल्याने गाडीचं दार उघडून धरलं होतं. शहरापर्यंत सोडू का, असं त्याने विचारलं नव्हतं आणि तिनेही नको म्हटलं नव्हतं. मागच्या सीटवर माऊ झोपली होती. पहिले काही मैल ती रडली, आणि तो शांतपणे गाडी चालवत राहिला. मग त्याने विचारलं, “तुमचं दुकान कधी बंद असतं?”

“सोमवारी.”

“माझी सुट्टी मंगळवारी.”

“मग?”

“मी सोमवार करून घेतो. बेकरी आत्याची आहे. तिच्या हातापाया पडावं लागेल, एवढंच. साहेबांना भेटायला जायचं तर... गाडी लागेलच की तुम्हाला.”

आत्या कशी तयार झाली कोण जाणे, पण सोमवार मिळाला. मग दर सोमवारी दोघं निघत. साहेब फाटकावर येऊन दोघांना पाडत, मामी जेवायला घालत. संध्याकाळ व्हायच्या आत परत. गाडीत ती बोलत असे, तो ऐकत असे. कधी तो बोलत असे आणि तिला खिडकीबाहेर बघावं लागत असे, हसू लपवायला. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होती. आपण फक्त कुत्र्यासाठी जातो, असं दोघंही घरी सांगत होती, आणि घरची माणसं “हो का” म्हणून भाजी निवडत होती.

असे आठ सोमवार गेले. नवव्याच्या आदल्या दिवशी मामींचा फोन आला, की ओढ्यावरचा पूल दुरुस्तीला काढलाय, उद्या येऊ नका. साहेब मजेत आहे.

तिने संध्याकाळी त्याला फोन लावला. तो झोपायच्या तयारीत होता. तिने पुलाचं सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला. “मग... मी उद्याची सुट्टी आत्याला परत करतो.”

“नका करू.”

“का?”

स्वयंपाकघरात वहिनीने भांडी लावायची थांबवली होती. तिने तिकडे पाठ केली.

“मला यायचंय उद्या.”

“पण पूल तर—”

“तुमच्या घरी येताना पूल कुठे लागतो?”

“नाही लागत,” तो म्हणाला. “दोन जिने आहेत फक्त.”

सोमवारी ती ते दोन जिने चढून वर आली तेव्हा दार उघडंच होतं. तो दारात उभा होता. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री, आणि कोपरावर पीठ राहून गेलेलं. आत खिडकीखाली माऊ गाढ झोपली होती.

“आज साहेब नाहीत,” तो म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून.

“मी साहेबांसाठी आलेच नाहीये.” जिन्यांमुळे तिला धाप लागली होती. निदान तिने तसं धरून चालायचं ठरवलं. “गेले काही सोमवारही साहेबांसाठी येत नव्हते. तुला भेटायला येत होते.”

तुला. शब्द तोंडातून निसटला होता. तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिला आठवलं, की या माणसाला पटकन बोलता येत नाही, आधी चालून यावं लागतं.

या वेळी तो कुठे गेला नाही.

“मला वाटलं मी एकटाच,” तो म्हणाला. “आत्याला मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. नाहीतर तिने सोमवार दिला नसता.” आणि मग, अगदी हळू, “तू आत ये ना.”

त्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि पिशवीबरोबर हातही. पिशवी त्याने दाराआड खाली ठेवली. हात मात्र ठेवला नाही.