खालची टकटक

एका पत्राचं उत्तर मी पाच महिने दिलं नाही.

पत्र पेन्सिलने लिहिलेलं होतं. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या खुणा केल्या. या पत्रातही दोन चुका होत्या. त्या लगेच दिसल्या. उत्तर मात्र सुचलं नाही.

पुढे लिहितो ते सगळं घडलेलं आहे. विश्वास ठेवाच, असं ठणकावून सांगण्याइतका धीट मी नाही. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. आणि यात रात्र नाही. जे झालं ते गुरुवारी झालं, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात, आमच्याच घरात.

सुरुवात सुनेने केली. बायको गेल्यापासून मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचो. एक दिवस सून म्हणाली, "बाबा, मुलांच्या इस्पितळात विदूषक हवेत. हौशी चालतात. जा ना."

"मी? मला बघून कोण हसणार?"

"मी रोज हसते की!"

चार वर्षांची नात, आमची ठकी, हे ऐकून खदाखदा हसली. ती कशालाही हसते.

हसायची.

शिकवायला एक म्हातारे शिंपी होते. सगळे त्यांना नाकवाले म्हणत. त्यांनी मला इलॅस्टिकचं लाल नाक दिलं.

"टकटक खाली करायची," ते म्हणाले. "गुडघ्यापाशी. वरची टकटक डॉक्टरची, सुईची. खालची आपली. पोरं बरोबर ओळखतात. मग विचारायचं, आत येऊ का? 'नको' म्हणालं तर राग नाही, आग्रह नाही. पुढच्या दारात जायचं. त्या इमारतीत पोरांना 'नको' म्हणायला मिळतं ते फक्त आपल्याला."

"बरं."

"आणि परत येतो असं कबूल करायचं नाही. 'बघू' म्हणायचं."

"का?"

"आजोबा, एवढं वाचता, आणि हे कळत नाही?"

पहिल्या गुरुवारी मी आठ दारं वाजवली. आठही ठिकाणी 'नको'. एक पोरगा आईला म्हणाला, "आई, हा विदूषक मलाच घाबरतोय." खोटं नव्हतं.

नऊ नंबरच्या खोलीतून आवाज आला, "या."

दहा वर्षांची मुलगी. डोक्यावर केस नव्हते. खाटेशेजारी सलाईनचा स्टँड. ती उठली तेव्हा त्याचं एक चाक करकरलं.

"हा माझा घोडा," ती म्हणाली. "सिस्टर त्याला तेल घालणार होती. मी नको म्हटलं. ओरडत नाही तो घोडा कसला?"

मी टोपी पाडली. उचलली. पुन्हा पाडली. नाकवाले हेच करायचे तेव्हा हसून पोट दुखायचं.

मुलगी हसली नाही.

"तुम्हाला येत नाही."

"नाही. आजच लागलोय."

"द्या इकडे."

तिने माझं नाक लावलं, टोपी घातली, पाडली, आणि ती उचलताना असा काही चेहरा केला की मी मोठ्याने हसलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा. मग तिने मला सगळे नियम विचारले. मी सांगत गेलो. ती धड्यासारखे पाठ करत गेली.

"नको म्हटलं तर?"

"पुढचं दार."

"तिथेही नको म्हटलं तर?"

"त्याच्या पुढचं."

"कधीतरी कोणीतरी हो म्हणणारच," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी याल?"

'बघू' अगदी ओठांवर होतं.

"नक्की येतो," मी म्हणालो.

नाक तिच्याकडेच राहिलं.

मी गेलो नाही. आजारी नव्हतो, काही काम नव्हतं. कपडे करून, बूट घालून बसलो आणि घड्याळात चार वाजलेले बघितले. ते आठ 'नको' कानात होते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मग इस्पितळातून पत्र आलं.

"विदूशक आजोबा, तुम्ही आला नाहीत. मी आता शिकले. टोपी पण जमते. तुमच्या घरी येऊन करून दाखवू का? हो किंवा नको कळवा. मी वाट बगते."

मी किती कच्चे खर्डे लिहिले, मोजले नाहीत. एक फार रडका वाटला, एक फार खोटा. नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी चाललं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी पत्र एका पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक वरच्या फळीवर.

चार महिन्यांनी सुनेने पुन्हा ढकललं म्हणून गेलो. नऊ नंबरमध्ये खाटेवर कोरी चादर होती. सिस्टरला त्या मुलीचं विचारलं.

"ती होय," सिस्टर म्हणाली. "ती गेली. महिनाभर रोज विचारायची, टपाल आलं का. शेवटी बोलता येत नव्हतं तर असं करायची." तिने तळहातावर मूठ आपटून दाखवली, शिक्का मारतात तशी. मग तिचं लक्ष माझ्या टोपीकडे गेलं. "तुम्हीच का ते?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. ते भेटले असते तर चांगली हजेरी घेतली असती मी. लाल नाक होतं तिच्याकडे. कुठे गेलं कोण जाणे. तिचा तो स्टँडपण सापडत नाही."

त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी...

आमच्या घरात एक अरुंद बोळ आहे. त्यात दोन दारं उघडतात. आधी माझं, मग ठकीचं. मी दार लावून वाचत होतो. बोळात काहीतरी करकरलं.

चाकासारखं.

ते माझ्या दाराशी थांबलं. मग...

टक. टक. टक.

गुडघ्याच्या उंचीवर.

"ठकी?" मी म्हटलं.

इलॅस्टिक ताणून सोडल्यासारखा बारीक 'टप्' असा आवाज. आणि नाक दाबून बोलावं तसा स्वर...

"आत येऊ का?"

मी खाली वाकलो. दाराखालच्या फटीतून बघितलं. उजेड सरळ आत येत होता. पायांची सावली नव्हती. चाकांचीही नव्हती. अर्ध्या तासाने करकर लांब गेली.

संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, आज घरात इस्पितळासारखा वास येतोय का हो?"

"नाही," मी म्हणालो. मला आता ते सवयीने जमत होतं.

दुसऱ्या गुरुवारी चार वाजता पुन्हा तेच. करकर. टक, टक, टक. "आत येऊ का?"

मी ओरडलो, "नको!"

मग...

"बरं."

राग नव्हता. आग्रह नव्हता. शिकवलं होतं अगदी तसं. करकर पुढे निघाली, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की तिला पुढे कुठे जायचं ते मीच शिकवलं होतं.

पुढच्या दारावर टकटक झाली.

"ये ना!" ठकी आतून म्हणाली.

माझे पाय उचलेनात. भिंतीपलीकडे ठकी हसत होती. खळखळून, लोळून, धाप लागेपर्यंत. आणि मग मध्येच...

थांबली. दिवा मालवावा तशी.

मी धावत गेलो. ठकी जमिनीवर एकटीच बसली होती. तिच्यासमोर माझी टोपी पालथी पडली होती. टोपी मी कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

त्या दिवसापासून ठकी हसलेली नाही. गुदगुल्या केल्या तरी नाही. डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत आहे. सून स्वयंपाकघरात नळ सोडून रडते, म्हणजे मला ऐकू येऊ नये. येतं.

काल मी ठकीला जवळ घेतलं. "कोण आलं होतं गं?"

"ताई."

"काय म्हणाली?"

"माझं हसू नेलं तिने. तिकडे कुणालाच येत नाही म्हणाली. पण ते थोडंच आहे. पुरायचं नाही." ठकी दाराच्या खालच्या बाजूकडे बघत होती. "आता गुरुवारी ती मला घोड्यावर बसवून नेणार आहे. मी हो म्हटलं."

"ती आली की नको म्हण, बाळा. आजोबांसाठी."

"पण तुम्हीच नको म्हणालात ना, आजोबा? म्हणून तर ती माझ्याकडे आली."

सुनेला म्हटलं, गुरुवारी पोरीला घेऊन माहेरी जा. ती काही बोलायच्या आत ठकी म्हणाली, "तिथेपण दारं आहेत."

आज मंगळवार. सकाळी फळीवरचं ते पुस्तक काढलं. पत्र समोर ठेवलं आणि एका बैठकीत उत्तर लिहिलं.

"हो. ये. पण माझ्याच दारात ये. मी उघडून उभा असेन. घोड्यावर मी बसतो. ठकीला नेऊ नकोस. सिस्टरला खोटं सांगितलं, तो मीच."

परत वाचलं नाही. चुका असतील तर असू देत. पाकिटावर इस्पितळाचा पत्ता लिहिला, खोली नंबर नऊ.

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोहोचलो तेव्हा पोस्टमन पेटी रिकामी करून कुलूप लावत होता.

"आजोबा, जरासाठी चुकली की तुमची वेळ! आता हे उद्या निघेल, गुरुवारी पोचेल."

"गुरुवारी किती वाजता?"

"ते काय सांगता येतं? पोचेल दुपारपर्यंत. कुणाला एवढी घाई आहे?"

तो सायकलवर बसून निघून गेला. मी पाकीट फटीत सरकवलं. सोडलं.

रिकामी, पत्र्याची पेटी. कान लावून उभा राहिलो.

पत्र खाली पडल्याचा आवाज अजून आलेला नाही.