निळ्या फाटकाचं घर

दार लावू नकोस, रिचार. एकदा सांगितलं ना! थंडी वाजते तर वाजू दे, ती घोंगडी घे अंगावर. शेगडी पेटलेली असताना माझ्या खोलीचं दार लावत नाहीत, आणि का लावत नाहीत तेच आज सांगणार आहे. योला, तू आधी ते सॉसेज संपव. ही गोष्ट ऐकताना तोंडात घास नको.

उद्या तुम्ही दोघं घराच्या कागदांवर सह्या करणार. करा बाबांनो. आमच्या या एल आल्तो शहरात आज घेतलं नाही, तर उद्या तेच घर दुसऱ्याच्या नावावर. माझ्या तरुणपणी इथं नुसता वारा सुटायचा. आता पाव आणायला जावं, तर परत येईस्तोवर शेजाऱ्यानं मजला चढवलेला असतो. पण सही करण्याआधी सेवेरोची गोष्ट ऐका. खोटं वाटलं तर त्यालाच जाऊन विचारा, जिवंत आहे तो.

सेवेरो माझ्या मिनीबसवर होता. मी चालवायचो, तो दारात लोंबकळत थांब्यांची नावं ओरडायचा. काय आवाज होता! बाजाराच्या या टोकाला ओरडला की त्या टोकाची म्हातारी पिशव्या उचलायची. त्याच्या पोरीच्या, नायराच्या, बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो, तेव्हापासून तो मला ‘कंपाद्रे’ म्हणायचा आणि मी त्याला.

पण हाच माणूस घरी गेला की कुजबुजायचा. आउरोराबाई नावाच्या मालकिणीच्या अंगणातली एक खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. बाईचे नियम किती! रात्र झाली की फाटकाला कुलूप, दिवा लवकर बंद, आणि पोराचा आवाज मुळीच नाही. नायरा रडायला लागली की ग्रेगोरिया, म्हणजे त्याची बायको, तिला कुशीत दाबायची. “शूऽऽ... मालकीण उठेल.” ती पोर सहा वर्षांची झाली, तरी हसताना तोंडावर हात धरायची. मला बघवत नसे. सेवेरो म्हणायचा, “कंपाद्रे, मला महाल नको. माझी पोरगी जिथं घसा फोडून ओरडेल आणि कुणी तिला गप्प करणार नाही, एवढंच घर हवं.”

आता तुम्ही आजकालची पोरं मोबाइलवर घरांचे फोटो बघता. आम्ही चोवीस जानेवारीच्या जत्रेला जायचो. ज्याला घर हवं त्यानं बोटभर घर घ्यायचं. दुपारी बाराच्या ठोक्याला जाणत्याकडून त्याला धूप दाखवायचा, वर दारू शिंपडायची, फुलाच्या पाकळ्या टाकायच्या, आणि आपल्या घरच्यांची नावं उच्चारायची. मग वर्षाच्या आत खरं घर. हसू नकोस रिचार, ही मिनीबस मी आधी खेळण्यातलीच घेतली होती.

त्या वर्षी ग्रेगोरियानं त्याला सकाळीच पिटाळलं होतं. “बाराच्या आत घेऊन ये, आणि नावं घ्यायला विसरू नको.” पण रस्ते तुंबलेले. सेवेरो जत्रेत पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. जाणते आवराआवर करत होते, धूप विझलेला. एका कडेला फडकं अंथरून एक बाई बसली होती. तिच्यासमोर एकच वस्तू. प्लास्टरचं घर, एवढंसं, दोन मजली. निळं फाटक, हिरव्या आरशाच्या काचा. छपरावर सुकलेल्या पाकळ्या चिकटलेल्या.

“ताई, याला धूप दाखवलाय वाटतं?”

“दाखवलाय हो. सगळं झालंय याचं.”

झालं! आमच्या शहाण्याला वाटलं, बरं झालं, कष्ट वाचले. घेतलं आणि आला. ग्रेगोरियानं पाकळ्या बघितल्या आणि विचारलं, “या तर वाळल्यात. नावं कुणाची घेतलीस?” हा म्हणतो, “आपलीच, दुसऱ्या कुणाची घेणार?” घेतली नव्हतीच. खोटं बोलला. घर फळीवर ठेवलं, नायराच्या शाळेच्या कपड्यांशेजारी.

आणि घर मिळालं! जून लागला तसं मिळालं. दोन मजले, निळं फाटक, हिरव्या आरशाच्या काचा. मी स्वतः बघायला गेलो होतो, माझ्या हातावर काटा आला. पण ग्रेगोरिया आनंदानं रडत होती, तिला काय सांगणार? विकणाऱ्यानं भाव ताणला नाही. आम्हाला घर दाखवलं तेही फाटकाबाहेर उभं राहून. सगळं उरकलं आणि किल्ली त्यानं गजांतून बाहेर... नाही, चुकलो, बाहेरून आत टाकली. आम्ही आत होतो, तो बाहेर. “सांभाळा,” एवढं म्हणाला आणि गेला.

इथं रिकामं घर एक रात्र सोडलं, तर सकाळी दुसरंच कुणी चूल मांडून बसलेलं सापडतं. म्हणून ठरलं, पहिल्या रात्री सेवेरोनं एकट्यानं तिथं झोपायचं आणि सकाळी मी मिनीबसमधून सामान, ग्रेगोरिया आणि पोर घेऊन जायचं. ती रात्र सान हुआनच्या सणाची. आजचीच, चार वर्षांमागची. वर्षातली सगळ्यांत थंड रात्र. गल्लीच्या खांबाला चोरांना भीती म्हणून कापडी पुतळा लटकवलेला असतो ना, त्याच्यावरही हिम साचलं होतं.

पुढचं सगळं त्यानं मला सांगितलेलं.

त्यानं खालच्या खोलीत शेगडी पेटवली. थंडी मारायला कोकाची पानं तोंडात धरली. थंडी फारच झोंबायला लागली, तसं दार लावून घेतलं. आतून किल्ली फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घराला आपण कुलूप लावलं, म्हणून किल्ली हातातच धरून आडवा झाला. फटाक्यांचे आवाज हळूहळू थांबले.

मग वर कुणीतरी चाललं.

त्याला वाटलं, चोर. काठी घेऊन उठला. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि ऐकायला लागला. पावलं अनवाणी होती. एका मोठ्या माणसाची. एका बाईची. आणि काही अगदी लहान... दुडदुडणारी.

लेकरू खोकलं.

मग बाईचा आवाज आला. अगदी हळू.

“शूऽऽ... मालक आलाय.”

सेवेरो म्हणतो, “कंपाद्रे, भुताला मी भ्यालो असतो, तर बरं झालं असतं. मला त्या ‘शू’ची भीती वाटली. तो आमच्या घरातलाच ‘शू’ होता. आणि मालक म्हणजे मी.”

तो मागं फिरला. किल्ली दाराला लावली. फिरेना. उलटी फिरवली. फिरेना. खांदा लावून ढकललं, तर दार हलायचं नावच नाही. हात फिरवला, तर फट नाही. बिजागरी नाही. लाकूडसुद्धा नाही. गार, गुळगुळीत प्लास्टर. वर निळा रंग.

खिडकीकडं धावला. बाहेर गल्लीचा दिवा असायला हवा होता.

गल्ली नव्हती.

बाहेर अंधार होता, आणि अंधारात हळूहळू आकार दिसायला लागले. समोर पांढरं कापड लोंबत होतं, फाटकाहून उंच. त्यावर बटणं. एकेक बटण परातीएवढं. शाळेचा सदरा. नायराचा. त्याच्यापलीकडं, खूप खाली, एक पलंग. पलंगावर ग्रेगोरिया झोपलेली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, काच थरथरत होती त्यानं.

तो फळीवर होता. फळीवरच्या घरात.

ओरडला तो. गळ्याच्या शिरा फुगेस्तोवर ओरडला. बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारा आवाज... काचेपलीकडं गेला नाही. कुजबुज झाली नुसती.

मागं जिना करकरला.

खोलीत धूर होता. शेगडीचा? असेल. डोळे चुरचुरत होते, छाती भरून आली होती. धुरात ती तिघं उभी होती, जिन्याच्या मधल्या पायरीवर. बाप्या, बाई, बाईच्या कडेवर लेकरू. ओठ निळसर. अंगावर झोपायचे कपडे. बाई अगदी अदबीनं बोलली. भाडेकरू बोलतात ना, तशी.

“मालक, रागावू नका. दार जरा उघडं ठेवाल का? बाळाला श्वास घेता येत नाही.”

“मी मालक नाही,” सेवेरो म्हणाला. “मलाही बाहेर जायचंय.”

“किल्ली तुमच्याच हातात आहे, मालक.”

एक पायरी खाली.

“आम्ही आवाज करणार नाही.”

आणखी एक.

“बाळसुद्धा करणार नाही...”

तो काचेला चिकटला. काचेपलीकडं काहीतरी हललं. पलंगावरून नायरा उठली होती. झोपेत होती की जागी, देव जाणे. ती फळीपाशी आली, टाचा उंचावल्या. आणि अख्खी खिडकी तिच्या डोळ्यानं भरून गेली. काळाभोर, ओला डोळा.

“बाबा?”

त्यानं काचेवर मुठी आपटल्या.

“आई, बाबा आत आहे. बाबा या घरात आहे!”

आणि अंथरुणातून ग्रेगोरिया म्हणाली, “शूऽऽ... मालकीण उठेल. ये, झोप.”

...

त्या वेळी आपण संपलो असं त्याला वाटलं. बायकोच्या तोंडून तोच ‘शू’ ऐकला होता. डोळा खिडकीपासून दूर व्हायला लागला. ग्रेगोरियानं पोरीचा हात धरून ओढलं होतं. हे ग्रेगोरियानंही मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ढसाढसा रडली. म्हणाली, “मी ओढलं हो तिला, माझ्या हातानं ओढलं.”

पण ती पोर! सहा वर्षं तोंडावर हात धरून हसलेली ती पोर. तिनं आईचा हात झिडकारला आणि ओरडली. “बाबाऽऽऽऽ!” अशी ओरडली की अंगणातले सगळे दिवे लागले, कुत्री उठली, आउरोराबाई चिमटा घेऊन दारात आल्या. बापाचाच गळा तो, दुसरं काय! मालकीण दारावर लाथा मारतेय आणि ही थांबेना. “बाबाऽऽऽऽ! बाहेर ये!”

सेवेरोच्या पाठीमागं प्लास्टर तडकलं. दाराला फट पडली. गार वारा आत आला. तो त्या फटीत घुसला, आणि घुसताना त्यानं मागं बघितलं. बाईनं हात पुढं केला होता. मारायला नाही. मागायला. लेकराचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलेलं. सेवेरोनं हातातली किल्ली तिच्याकडं फेकली. का फेकली, त्याला आजही सांगता येत नाही.

आउरोराबाईंनी त्याच रात्री ग्रेगोरियाचं सामान अंगणात काढलं. मला फोन आला, मी मिनीबस घेऊन गेलो, आणि उजाडताना आम्ही निळ्या फाटकापाशी पोचलो. सेवेरो रस्त्यावर बसला होता, पायांत नुसते मोजे, भुवयांवर हिम. त्याचा आवाज गेला होता. तो आजही पुरता परत आलेला नाही, आता दुसराच पोरगा थांबे ओरडतो. नायरा त्याच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं हसत होती. तोंडावर हात न धरता.

फाटकाला कुलूप होतं. आतल्या दारालाही, आतून लावलेलं. किल्ली त्याच्याजवळ नव्हती. कुलूप फोडून आम्ही आत गेलो, सगळं घर झाडून काढलं, शेगडीची राख चाळली. किल्ली नाही.

काय म्हणालास, रिचार? धूर चढला डोक्यात? बंद खोलीत शेगडी, माणूस झोपेत उठून खिडकीतून बाहेर पडला असेल? अरे, मीही पहिल्यांदा तेच म्हणालो. आणि खिडक्या आतून बंद होत्या, तरी तेच म्हणत राहिलो.

पुढच्या जानेवारीत मी जत्रेत त्या बाईला शोधून काढलं. सेवेरोचं घर कसं होतं ते सांगितलं, तशी ती मटकन खालीच बसली. ते प्लास्टरचं घर तिच्या बहिणीचं. बहीण, मेहुणा आणि त्यांचं दोन वर्षांचं बाळ, या तिघांच्या नावानं धूप दाखवलेलं. निळ्या फाटकाच्या घराला त्यांनी बयाणाही दिला होता. सेवेरोनं ते घ्यायच्या आधीच्या सान हुआनच्या रात्री भाड्याच्या खोलीत बाळाला थंडी वाजते म्हणून शेगडी ठेवली आणि दार लावलं. बाळ रडलं तर मालक उठेल, म्हणून खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबल्या. सकाळी तिघंही... आवाज न करता.

बाई म्हणाली, “मला वाटलं, त्यांचा नवस वाया कशाला घालवायचा? कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

सेवेरो त्याच घरात राहतो. जाणार कुठं? सगळं आयुष्य त्या विटांत घातलंय. खालच्या मजल्यावर तो, ग्रेगोरिया आणि नायरा असतात. वरचा मजला भाड्यानं मागायला लोक रांग लावतात, पण तो देत नाही. वरचं दार उघडं ठेवतो, भर हिवाळ्यातही.

आणि ते प्लास्टरचं घर त्यानं माझ्या हवाली केलं. मागं कपाटावर आहे. काढ गं योला, दोन्ही हातांनी... हं, ठेव इथं. बघ तळाशी. भोक आहे? फट आहे? भरीव आहे, नखानं वाजवून बघ. दार नुसतं रंगवलेलं. अगं, हलवू नकोस! ...हळू, अगदी हळू तिरकं कर.

ऐकलंत?

पुन्हा कर... हो. लोखंडाचंच वाजतं.

नाही रिचार, हातोडी नको. सेवेरोनंही उचलली होती. नायरानं त्याचा हात धरला. म्हणाली, “बाबा, आत बाळ आहे.”

पहिल्या वर्षी नुसतं पडल्यासारखं वाजायचं. आता सान हुआनच्या रात्री वेगळंच ऐकू येतं. कान लावा, हात लावू नका. कुलपात किल्ली फिरवल्यासारखं. थांबतं. परत फिरवल्यासारखं. किल्ली त्यांना मिळाली, एवढं खरं. दार मिळालं की नाही, ते मला ठाऊक नाही.

योला, पुसू नको गं डोळे घोंगडीला. जा, ते दार अजून थोडं उघड.